वाघोटन खाडीत, दुजेच्या भरतीवर

कोल्हापूरकराची बोटीशी गाठ पडते ती दोन ठिकाणी. लहानपणी रंकाळ्यात आणि मोठेपणी महापुरात. आमच्या दाजींना २०१९ च्या ऑगस्टमध्ये आंबेवाडीतून रबरी बोटीत बसवून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून बोटीचा विषय निघाला की ते 'नगं रं बाबा' म्हणून पुढच्या विषयाकडे वळायचे. त्यामुळे विजयदुर्गहून होडी करून वाघोटन खाडीतून वर, जमलं तर थेट खारेपाटणपर्यंत जायचं असं मी काढलं, तेव्हा दाजी येतील असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. ते आले. भाचा येणार म्हटल्यावर त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी मोठं माणूस पाहिजे, हे त्यांचं कारण. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पोहण्यात आम्हा दोघांचा बाप आहे, ते जाऊ दे.

कोकणात आपण दरवर्षी जातो, पण खाड्या बघतो त्या पुलावरून, गाडीच्या काचेतून, एक गाणं संपायच्या आत. नाहीतर तारकर्ली-देवबागला घोळक्यात बसून डॉल्फिन बघायचे आणि परत. खाडी आत कुठवर जाते, हे बघायचं मनातच येत नाही. वास्तविक आपल्या गावाचा आणि वाघोटनचा संबंध जुना. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये. त्याआधी मुंबईचा माल गलबतानं विजयदुर्गला यायचा, तिथून लहान पडावांतून खाडीनं वर खारेपाटणला, आणि पुढं बैलांच्या पाठीवर फोंडा किंवा बावडा घाट चढून देशावर. मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची, गूळ-मिरची खाली जायची. गगनबावड्याला आपण गगनगिरी महाराजांच्या मठासाठी किंवा पावसात धबधबे बघायला जातो. रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची ती जहागीर या घाटवाटेमुळंच मोलाची होती, असं मला वाटतं. शिवाय विजयदुर्ग बांधल्याचं श्रेय ज्याला देतात तो शिलाहार राजा दुसरा भोज, तोच आपल्या पन्हाळ्याचा. डोंगरावरचा किल्ला आणि खाडीच्या तोंडावरचा किल्ला एकाच माणसाच्या डोक्यात होते म्हणजे मधली वाटही असणारच.

तारीख ठरवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. मी आपला रविवार धरून बसलो होतो. ओळखीतून विजयदुर्गच्या एका नाखव्याचा नंबर मिळाला. साठी उलटलेला माणूस, मासेमारी मुलाकडे सोपवलेली, आता परवान्याच्या होडीतून पर्यटक फिरवतो. त्यानं रविवार ऐकूनच घेतला नाही. "वार कित्याक सांगतास? तिथी सांगा."

खारेपाटणच्या बाजूला खाडीत गाळ फार साठलाय. रोजच्या भरतीला तिकडं होडीपुरतं पाणी मिळेलच असं नाही, त्यामुळं उधाणच गाठायला हवं. उधाण अवसेला आणि पुनवेला, आणि खरा जोर त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. फाल्गुनातल्या पुनवेचं उधाण मोठं, पण त्या दिवशी होळी. होळी सोडून नाखवा काय, गावातलं कुत्रंही होडीत बसणार नाही. मग ठरली वद्य द्वितीया. आम्हाला ते सोयीचंच होतं. कोल्हापुरात रंग खेळायचा तो रंगपंचमीला, धुळवडीला आपल्याकडं मटण. दुपारी धुळवडीचं मटण हाणून निघालो, घाट उतरून वैभववाडी, तळेरे करत दिवे लागायला विजयदुर्गात.

भरतीचा हिशेब नाखव्यानं रात्री ओट्यावर बसून सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. दुजेला दोनाचे पाऊणपट दीड, म्हणून दुपारी दीडला पाणी पुरं. अष्टमीला सहा. पुनवेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. दोन भरत्यांत साडेबारा तासांहून जरा कमी अंतर, म्हणून रोज भरती पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढं सरकते आणि पंधरवड्यानं पुन्हा तिथंच येते. भाच्यानं लगेच मोबाईलमध्ये भरती-ओहोटीचं अ‍ॅप उघडलं. पाव तासाचा फरक निघाला. त्याला बहुतेक मोठा फरक हवा होता. पण अ‍ॅपला एक गोष्ट माहीत नव्हती. ती वेळ विजयदुर्गच्या तोंडाची. पाणी आत शिरत शिरत जातं, वर पोचायला त्याला आणखी वेळ लागतो. "हंय दीड, तर थंय अडीच," नाखवा म्हणाला. "पाणी चढताना वर जावचा, उतारताना खाली येवचा. मशीन नाय चालला तरी घराक येतलात. पण रात्री पालखी आसा. सातच्या आधी माका घराक पोचाक होया."

सगळा प्रवास या एका वाक्यात होता. पंचगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला हे डोक्यात बसवायला जरा वेळ लागतो. आपलं पाणी एकाच दिशेला जातं. आपण पावसाळ्यात रोज उठून राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, आणि आकडा वाढला की सामान माळ्यावर. पाणी चढलं म्हणजे संकट, एवढंच आपल्याला ठाऊक. इथं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि लोक त्याची वाट बघत बसलेले असतात.

सकाळी धक्क्यावर गेलो तर खाडी रिकामी झाल्यासारखी दिसत होती. सुकती पूर्ण झालेली. चिखलात होड्या कलंडलेल्या, खडकांवर बायका कोयतीनं कालवं फोडत बसलेल्या. कोयतीचा टोकदार घाव शिंपल्याच्या सांध्यावर बरोबर बसतो, वरची टवळी उडते, आतलं मांस डब्यात. एकीचा हात चालू असताना तोंडानं पालखी कुणाच्या दारी किती वाजता यावर वाद चालला होता आणि नजर दोन्हीकडं नव्हती. दाजी अर्धा तास तिथंच उभे. त्यांनी विचारलं, "मावशी, हात कापत नाही व्हय?" तिनं हात पुढं केला. बोटांवर इतके व्रण होते की त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

होडी फायबरची, मागं आउटबोर्ड मशीन. लाईफ जॅकेट घातल्याशिवाय नाखव्यानं दोर सोडला नाही. दाजींच्या पोटावर पट्टा पुरेना, तेव्हा दुसरं जॅकेट आणलं गेलं. आठच्या सुमाराला सुटलो तेव्हा वारा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून येत होता. हा मतलई वारा, सकाळी नऊ-दहापर्यंत राहतो. वारा समोरून आणि पाणी मागून. पाणी सपाट, तेलासारखं. किल्ल्याची तटबंदी मागं राहिली.

थोडं आत, गिर्येच्या बाजूला, आंग्र्यांच्या आरमाराची गोदी आहे. किल्ल्यापासून तीनेक किलोमीटर. दगडात कोरून आणि बांधून काढलेली, सुमारे साडेतीनशे फूट लांब. मी पूर्वी रस्त्यानं येऊन ती बघितली होती आणि दगडी हौद बघून परत गेलो होतो. होडीतून, ओहोटीत, तिचं काम पहिल्यांदा डोक्यात शिरलं. उधाणाच्या भरतीला जहाज आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, ओहोटीत पाणी बाहेर काढून टाकायचं. जहाज कोरडं उभं, सुतार-लोहार कामाला मोकळे. काम झालं की पुढच्या उधाणाला पाणी आत घेऊन जहाज तरंगवायचं. ना क्रेन, ना पंप. म्हणजे तुळाजी आंग्र्याच्या कारागिरांचंही वेळापत्रक तिथीवर चालत असणार. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रज आणि पेशवे मिळून विजयदुर्गावर चालून आले आणि आंग्र्यांचं आरमार इथंच जळालं. इंग्रजांचा वॉटसन समुद्राकडून आला होता. पेशव्यांनी आपल्याच आरमाराचा घात केला, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. खाडीच्या पाण्यावर बसून ऐकलं की त्याची चीड जरा वेगळ्या ठिकाणी लागते.

दहाच्या पुढं मतलई पडला. आता भरतीनं वेग घेतला होता. ते कळलं पाण्यावरच्या पालापाचोळ्यावरून. सुकी पानं, एक नारळाची झावळी, कुणाची तरी एका पायाची चप्पल, सगळं आमच्याबरोबर डोंगराकडं निघालेलं. दाजी बराच वेळ त्या चपलेकडं बघत होते. "आरं, ह्ये पाणी उलटं चाललंय की!" नदी डोंगराकडं वाहताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. नाखव्यानं मशीनचा आवाज कमी केला, तरी काठावरची झाडं तेवढ्याच वेगानं मागं जात राहिली. पेट्रोल वाचतं ते असं.

दोन्ही काठांना कांदळवन. तिवरांची मुळं ओहोटीत चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली दिसतात, तासाभरात पाण्याखाली गेली. बगळे झाडांवर सरकले. ब्राह्मणी घारी डोक्यावर. खंड्या मात्र प्रत्येक वळणाला एक, आम्ही जवळ गेलो की पुढच्या फांदीवर, पुन्हा जवळ गेलो की त्याच्या पुढच्या. काठामागं भातखाचरं, आता कोरडी, आणि त्यांच्या कडेनं मातीचा लांबच लांब बांध. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला खारबंधारा. त्यात ठिकठिकाणी झडपा असतात. पावसाचं पाणी आतून ढकलतं तेव्हा झडप उघडते, भरती बाहेरून ढकलते तेव्हा तीच झडप बंद होते. माणूस लागत नाही. भाच्यानं त्याचे फोटो काढले, कॉलेजात दाखवायला. एका ठिकाणी बांध फुटून शेतात तिवर उगवले होते. नाखव्यानं त्या शेताकडं हात केला आणि म्हणाला, मालक मुंबईत.

वाघोटनच्या पुलाखालून जाताना वरून एसटी गेली. त्या पुलावरून मी किती वेळा गेलोय आणि खाली बघितलंय का, आठवत नाही.

पुलाच्या पुढं खाडी अरुंद होत जाते आणि खरी मजा सुरू होते, म्हणजे नाखव्याचं काम वाढतं. मशीनच्या मागून पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडत असते, करंगळीपेक्षा बारीक. मशीन थंड ठेवणारं पाणी त्यातून बाहेर येतं. तो पुढं बघायचा आणि दर मिनिटाला मान वळवून त्या धारेकडं. गाळाच्या पाण्यात एकदा ती धार तुटली. थेंब थेंब झाली, मग बंद. त्यानं लगेच मशीन बंद करून वर उचललं, खिशातून तांब्याची तार काढली, भोकात घालून फिरवली, फुंकर मारली, पुन्हा मशीन पाण्यात. धार आली. दाजी होडीची कड धरून बसले होते, तेवढ्यात होडी प्रवाहानं शे-दोनशे फूट वरही गेली होती. "बघ, म्हनलं नव्हतं का," नाखवा मला म्हणाला. मशीन नाय चालला तरी.

त्यानंतर तो बांबू घेऊन पुढं जाऊन बसला आणि मशीन भाच्याच्या हातात दिलं. बांबूवर दोन खाचा. खालची बुडाली तर पुढं जायचं, ती कोरडी राहिली तर डावी-उजवी करायची. तो बोलत नव्हता, बांबू टोचायचा आणि डावा किंवा उजवा हात हलवायचा. वळणाच्या आतल्या बाजूला गाळ साठतो, बाहेरच्या बाजूला पाणी खोल, हे आपल्या नदीलाही लागू आहे. तेवढं एक मला आधीच माहीत होतं, ते मी सांगून टाकलं. त्यानं मान हलवली.

इथं डोंगर जवळ आलेले. समोर सह्याद्रीची भिंत, उन्हात धुरकट. काठावर पांगारा लाल झालेला, काजूला पिवळी-तांबडी बोंडं, आंब्याला सुपारीएवढ्या कैऱ्या. तिवर विरळ झाले, त्यांच्या जागी बांबू आणि माडांच्या वाड्या. मी पाणी चाखून बघितलं. खारटच, पण तोंडाजवळच्या इतकं नाही. गगनबावड्याच्या पाणलोटाचा विचार डोक्यात होता. तिथं कड्याच्या अलीकडं पडलेला थेंब कुंभीतून पंचगंगेत, कृष्णेत आणि पार बंगालच्या उपसागरात जातो. कड्याच्या पलीकडं पडलेला या खाडीतून दिवसाभरात अरबी समुद्रात. दाजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे आमच्या घरात शिरलेलं पाणी जरा तिकडं पडलं असतं तर भागलं असतं."

खारेपाटणला होडीनं पोचलो नाही. गावाच्या बरंच अलीकडं बांबूची खालची खाच कोरडी राहू लागली. डावीकडं कोरडी, उजवीकडंही कोरडी. मधे खडक. भरती अजून थोडी चढायची होती, नाखव्यानं माडाच्या सावलीला होडी लावली आणि थांबू म्हणाला. आम्ही डबे उघडले. त्याच्या घरून आलेली कुळथाची पिठी, भात, सुके बांगडे भाजून. पाणी काठावरच्या एका दगडावर चढत होतं, त्यावर नजर ठेवून तो जेवला. दगड बुडला नाही. पाणी थांबलं. दहा-पंधरा मिनिटं ते ना वर गेलं, ना खाली. चप्पल, झावळी, पानं, सगळी जागच्या जागी. मग झावळीनं हळूच तोंड फिरवलं.

दाजींना पायी खारेपाटण गाठायचं होतं, रिक्षा मिळेल म्हणाले, अर्ध्या तासात येतो. नाखवा म्हणाला, या तुम्ही, पण होडी हंय गावाची नाय, म्हणजे सापडायची नाही. उधाणाचं पाणी जितकं चढतं तितकंच झपाट्यानं उतरतं. इथं अडकलो तर पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे रात्री उशिरापर्यंत, चिखलात बसा आणि पालखी चुकली तर त्याची बायको काय करील ते वेगळं. दाजी निमूटपणे जॅकेट घालू लागले.

परतीचा पहिला टप्पा सोपा. मशीन जवळपास बंद, पाणीच नेत होतं. काठावर सकाळी न दिसलेल्या रेतीच्या पट्ट्या उघड्या पडू लागल्या, दोन-तीन ठिकाणी रेती काढणाऱ्या होड्या उभ्या. एकदा मशीनचं पातं वाळूला घासलं, तो आवाज दातात जातो. नाखव्यानं शिवी दिली, वाळूला.

पण पुलाच्या खाली आल्यावर गंमत गेली. दुपारपासून समुद्राकडून खारा वारा सुटलेला. वारा वर येतोय, ओहोटीचं पाणी खाली जातंय, दोघं समोरासमोर. अशा वेळी लाटा उंच नसतात पण आखूड आणि उभ्या होतात, एक संपायच्या आत दुसरी. सकाळी तेलासारखी असलेली खाडी आता खडबडीत रस्त्यासारखी होडी आपटत होती. दर आपटीला पाणी अंगावर. नाखव्यानं होडी मधल्या धारेतून काढून उत्तरेच्या काठाला, जिथं वारा कमी लागतो तिथं घेतली. लांबून गेलो, पण कोरडे गेलो, निदान अर्धे. दाजींनी दोन्ही हातांनी फळी धरली होती आणि डोळे मिटले होते. भाच्यानं व्हिडिओ काढला, तो अजून आमच्या घरच्या ग्रुपवर फिरतोय.

किल्ल्याच्या आडोशाला आल्यावर पाणी शांत झालं. सहा वाजून गेले होते. नाखव्यानं पेट्रोलच्या टाकीत काठी बुडवून बघितली. सकाळी भरलेल्यातलं निम्म्याहून जास्त शिल्लक होतं, आणि जे गेलं ते बरंचसं शेवटच्या तासात वाऱ्याशी भांडण्यात. उरलेल्या पेट्रोलचे पैसे त्यानं धरले नाहीत. दिवसाची मजुरी घेतली आणि टोपी बदलून पालखीला गेला. आम्हीही गेलो, ढोल-ताशे ऐकत, ओल्या पँटीनं.

दुसऱ्या दिवशी तळेऱ्याला आल्यावर घाटाकडं न वळता आधी खारेपाटणला गेलो. दाजींचाच हट्ट. हे गाव आज महामार्गावरचा एक थांबा, पण इथं दक्षिण कोकणच्या शिलाहारांचा १००८ सालचा, रट्टराजाचा ताम्रपट सापडला आहे. त्या काळी हे खाडीच्या डोक्यावरचं मातब्बर ठिकाण होतं. महामार्गाच्या पुलावरून खाली बघितलं. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. खडक, वाळू, मधून गुडघाभर पाणी आणि त्यात म्हशी. पडाव इथवर यायचे हे सांगूनही खरं वाटणार नाही. दाजींनी बराच वेळ हिशेब केला. मग म्हणाले, "आज तीज. तिनाचं पाऊणपट सव्वादोन, अधिक एक तास. सव्वातीनला परत यायला पायजे हितं." सव्वातीनपर्यंत थांबायला भाच्याची तयारी नव्हती, त्याची दुसऱ्या दिवशी सबमिशन होती. गाडी घाटाला लावली.

कुणाला जायचं असेल तर रविवार बघू नका. पुनव किंवा अवस झाल्यावरची दूज-तीज बघा, थंडी ओसरल्यापासून मार्चअखेरपर्यंत. त्यानंतर ऊन होडीत बसू देत नाही, दुपारचा वाराही वाढत जातो. पुलाच्या खाली परत येताना शक्य तितक्या लवकर या. आणि सुके बांगडे विजयदुर्गातच घ्या, घाटाच्या वर तेच दीडपट भावानं मिळतात, दाजींनी दोन्हीकडं विचारून बघितलंय.